तारांची उंची

२ जुलै

मोठ्या बाईंनी आज गिटारी दाखवल्या. दाखवल्या म्हणजे काय, प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचून ठेवली होती आणि बाई त्यांच्याकडे स्वतःच्या हाताने घडवल्यासारख्या बघत होत्या. मुख्याध्यापिका झालं की सगळ्यातलं सगळं कळायला लागतं बहुतेक. संगीताची शिक्षिका मी, पण मला एका शब्दाने विचारलं नाही. फोटो बघितला, रंग आवडला, मागवल्या. वर मला म्हणतात, "कशा आहेत? गोड आहेत ना?"

गिटार गोड असते? बिस्किट आहे का ते?

पुढे लगेच अट. सहामाहीपर्यंत निम्मी मुलं तरी वर्गात टिकली पाहिजेत, नाहीतर तो तास संगणकाला. आणि तास गेला की मी गेले, कारण मला घेतलंय ते या एका तासासाठी, वर्षाच्या कराराने.

घरी बाबांना सांगितलं. बाबांनी आयुष्यभर हॉटेलांतल्या बँडमध्ये गिटार वाजवली, त्यामुळे या घरात गिटारीबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच. म्हणाले, "स्वस्त असली म्हणून काय झालं? बोटं घट्ट झाली की लाकडाची फळीसुद्धा वाजते. फक्त पोरांना लाडावू नकोस."

ते बरोबरच आहे. मी नऊ वर्षांची असताना बोटांची टोकं गार पाण्याच्या वाटीत बुडवून बसायचे, आणि पाच मिनिटांनी बाबा म्हणायचे, "झालं? चल, पुन्हा." म्हणून तर आज मी वाजवते.

९ जुलै

सगळा तास "बाई, दुखतंय" ऐकण्यात गेला. ही मुलं मोबाइल दिवसभर दाबतात तेव्हा नाही दुखत. साधा पहिला कॉर्ड, तीन बोटं ठेवायची, तर अर्धा वर्ग हात झटकत बसलेला आणि उरलेल्या अर्ध्याच्या तारा मेलेल्या. सूर नाहीच, नुसतं टक टक.

एक मुलगी आहे, स्वेटशर्टची टोपी कधीच डोक्यावरून काढत नाही. सगळे तिला टोपीच म्हणतात. तिने हात वर केला. "बाई, या तारा एवढ्या वर का आहेत?"

मी म्हटलं, "तू दाबावंस म्हणून."

वर्ग हसला. ती नाही हसली. खाली वाकून गिटारीच्या मानेकडे एका डोळ्याने बघत राहिली, रस्ता सरळ आहे का बघतात तसं. अशी मुलं मला माहीत आहेत. काम सोडून सगळं करतील.

१६ जुलै

आज डोकं फिरलं.

वर्गात फिरत होते आणि मागच्या कोपऱ्यातून स्वच्छ कॉर्ड ऐकू आला. सहाच्या सहा तारा. मी खूश होऊन गेले तर टोपी. मानेवरच्या पहिल्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या पहिल्या आडव्या काडीवर, तारांवरून आडवी पेन्सिल ठेवून तिने ती केसांच्या रबराने मानेला करकचून बांधली होती, आणि तिच्या पुढे बोटं ठेवून आरामात वाजवत होती. वर शेजारच्या दोघांच्या गिटारीवरही पेन्सिली बांधून दिल्या होत्या! कारखानाच काढला होता.

"हे काय?"

"असं केलं की दुखत नाही, बाई."

"न दुखता शिकायचंय? मग झोपाळ्यावर बस."

तिन्ही पेन्सिली काढून घेतल्या. पळवाट ती पळवाट. आज पेन्सिल, उद्या म्हणतील बटण दाबलं की वाजली पाहिजे. पेन्सिल काढल्यावर तोच कॉर्ड वाजव म्हटलं, तर एकही तार वाजली नाही. बघा! म्हणजे येत नव्हतंच. मी हे सगळ्या वर्गासमोर बोलून दाखवलं. तिने टोपी आणखी पुढे ओढली.

बाबांना सांगितलं तर खूश. "शाब्बास," म्हणाले. मग जॅमची बाटली पुढे सरकवली. "एवढं झाकण उघडून दे." हल्ली हे एक नवीन. झाकण उघड, किल्ली फिरव, पाकीट फोड. जागचं हलायचं नाही, बसल्या जागेवरून हुकूम. शर्टाची वरची दोन बटणंसुद्धा उघडी ठेवून फिरतात, हिरोसारखे. या वयात.

२३ जुलै

चार मुलांनी नावं काढून घेतली. टोपी त्यातली पहिली.

मोठ्या बाई स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुलांना धरून ठेवणं हीसुद्धा कला असते हो." मी चहाचा कप एवढ्या जोरात ठेवला की बशीला तडा गेला. बशी शाळेची होती. बरं झालं.

३० जुलै

टोपीची आई आली होती. वकील आहे. काळा कोट हातावर टाकून आली आणि साक्षीदाराला उभं करावं तसं मला दारातच उभं केलं.

"तुम्ही माझ्या मुलीला म्हणालात की तिला येत नाही?"

"तिने पळवाट काढली होती."

"तिच्या मामाकडे गिटार आहे. शनिवारी गेली की जेवायला उठत नाही, एवढी वाजवते. तिथे येतं आणि तुमच्या वर्गात येत नाही. का?"

"तिथे तिला कोणी शिस्त लावत नसेल."

"मी शिस्तीचं विचारलंच नाही," ती म्हणाली. "मी विचारलं, का?"

आणि उत्तराची वाटही न बघता गेली. मी दिवसभर मनात तिला उत्तरं देत होते. एकाहून एक. पण 'का'चं उत्तर त्यातल्या एकातही नव्हतं, आणि त्याचाच जास्त संताप आला.

३१ जुलै

शाळा सुटल्यावर त्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. म्हटलं, पेन्सिलीने काही होत नाही हे स्वतःच सिद्ध करू आणि त्या वकीलबाईला तोंडावर सांगू. टोपीचीच गिटार घेतली. जप्त केलेली पेन्सिल ड्रॉवरमध्ये होतीच. बांधली. वाजवली.

लोण्यासारखी वाजली.

पेन्सिल काढली. पुन्हा वाजवली. माझीसुद्धा पहिली तार नीट दबेना. माझी! इतकी वर्षं वाजवणाऱ्या बाईची.

मग मान डोळ्यासमोर धरून बघितली, ती बघायची तशी. मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी, तिला नट म्हणतात. त्या खाचा पुरेशा खोल कोरलेल्याच नाहीत. कारखान्यात अर्धवट कोरल्या आणि पुढे ढकलल्या. त्यामुळे नटाजवळ तार इतकी वर राहते की पहिल्या फ्रेटवर दाबायला बोट नको, पक्कड पाहिजे. पेन्सिल बांधली की ती नटाचं काम करते आणि तार खाली येते. पोरीने दोष नेमका जिथे होता तिथेच औषध लावलं होतं.

सगळ्या गिटारी खोक्यांतून काढल्या. एक सोडून सगळ्या तशाच. दुसऱ्या टोकाला तारा जिथे अडकवतात तो ब्रिज, त्याच्यावरची पट्टीही उंच. त्यामुळे मानेच्या मध्यावर तर तारेखालून करंगळी जाईल. आणि तारा जाड, गंजाच्या वासाच्या.

कोणाकोणावर चिडू? कारखान्यावर, विकणाऱ्यावर, रंग बघून घेणाऱ्या बाईंवर. माझ्यावर? हो, माझ्यावर पण. ते सावकाश बघते. आधी बाकीचे उरकते.

२ ऑगस्ट

मोठ्या बाईंना सांगितलं की गिटारी परत करा. म्हणाल्या, "खोकी उघडली आहेत ना? आता नाही घेत. आणि पुस्तकं जड आहेत म्हणून आपण परत करतो का?" मी उठून आले. बसले असते तर नोकरी आजच गेली असती.

मीच दुरुस्त करणार. संध्याकाळी वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार बोलघेवडा. जाड तारांचे संच पुढे केले, "आवाज भरदार येतो बघा, मैफलीत उठून दिसतो."

"मैफल नाही, सातवीचा वर्ग आहे. सगळ्यात बारीक संच द्या. पहिली तार दहाची."

"दहा? अहो, आवाज पातळ होईल."

"आत्ता आवाजच येत नाहीये. पातळ चालेल."

"मग नायलॉन घ्या ना, मऊ असतात. मुलांना बरं."

डोक्यात सणक गेली. "या स्टीलच्या तारांच्या गिटारी आहेत. तारेच्या टोकाची पितळी गोळी ब्रिजमध्ये अडकते. नायलॉनला गोळी नसते. ती कुठे अडकवू, तुमच्या कानात? आणि उद्या कोणी नायलॉनची गिटार घेऊन आला की त्याला स्टीलच्या तारा द्याल, आणि महिन्याभरात तिचा ब्रिज उचकटून हातात येईल!"

तो हसायला लागला. "रागावता छान हो तुम्ही." दहाचे संच मात्र मुकाट्याने काढून दिले. बारीक कानशीही घेतल्या, तारेच्या जाडीप्रमाणे वेगवेगळ्या.

४ ऑगस्ट

रविवार. सकाळपासून स्वयंपाकघरातलं टेबल अडवलंय. ब्रिजवरची पट्टी काढायची, सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून तिचा तळ घासायचा. वरून नाही, वर गोलाई असते. जेवढं घासावं त्याच्या निम्मी तार मानेच्या मध्यावर खाली येते, म्हणून थोडं घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. नटाच्या खाचांना तर श्वास रोखून कानस लावावी लागते. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट राहिली पाहिजे. त्याहून कमी झाली की तार फ्रेटला घासून झणझण करते.

पहिल्याच गिटारीत एक खाच जास्त गेली. झणझण. शिव्या घातल्या, मोठ्याने. मग खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वर झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब. दगडासारखं होतं. पुन्हा कोरलं.

बाबा दारात उभे राहून बघत होते. "कशाला एवढा खटाटोप? पोरं चार दिवसांत सोडतील."

"दुखतं म्हणून सोडतात, बाबा. गिटारीतच खोट आहे."

"खोट प्रत्येक गिटारीत असते," म्हणाले आणि फिरायला निघून गेले.

मला मापाला एक उत्तम गिटार हवी होती, म्हणजे नेमकं किती खाली आणायचं ते कळलं असतं. माझी रोजचीही उंच तारांचीच, मापाला उपयोगाची नाही. उत्तम अशी घरात एकच. बाबांची. तिला हात लावायचा नाही हा लहानपणापासूनचा नियम. पण ते बाहेर होते, मी घाईत होते आणि चिडलेली होते. त्यांच्या कपाटामागून गिटारीची पेटी ओढली आणि उघडली.

तारा मानेला टेकल्यात की काय असं वाटावं इतक्या खाली. फुंकर घातली तरी दबतील. आणि बारीक. दहाच्याच. मी परवा ज्या मागितल्या त्याच.

तारांवर गंज चढला होता. स्वतःच्या वाद्याचीसुद्धा निगा राखवत नाही यांना!

मग मला आठवली माझी पहिली गिटार, याच माणसाने दिलेली. माळ्यावर चढले, धुळीतून काढली, टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्या गिटारीच्या तारांखालून आख्खी पेन्सिल गेली. आडवी सरकवली तरी अडली नाही.

५ ऑगस्ट

काल पुढचं लिहू शकले नाही.

बाबा फिरून आले. दोन्ही गिटारी टेबलावर बघितल्या आणि खुर्ची ओढून बसले.

मी विचारलं, "तुमची अशी आणि माझी अशी का?"

"पेटी कोणी उघडली?"

"मी. का, ते सांगा."

"तुझी स्वस्तातली होती."

"स्वस्तातली नीट करता येते. मी सकाळपासून तेच करतेय. तुम्हाला येत नव्हतं? तुम्ही स्वतःची अर्ध्या तासात केली असेल."

ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. मग म्हणाले, "तू सोडशील म्हणून."

मला कळलंच नाही.

"तू गिटार सोडावीस म्हणून ठेवली तशी. हा धंदा मी बघत होतो ना. पहाटे घरी यायचं, दारूचा वास अंगाला, लोक जेवतात आणि तुमच्याकडे पाठ. तुला 'नको' म्हटलं असतं तर तू हट्टाने केलं असतंस. म्हटलं, दुखेल, कंटाळशील, आपणहून सोडशील. दोन महिने, फार तर तीन." मग थांबून म्हणाले, "तू सोडलीच नाहीस."

"आणि 'चल, पुन्हा' म्हणायचात ते?"

"ते त्यासाठीच."

मी ओरडले. काय काय ओरडले ते आठवत नाही. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली एवढं आठवतंय. माझ्या बोटांना सगळे नावाजतात, लोखंडी बोटं म्हणतात, आणि मी ते पदकासारखं मिरवत आले. लहान मुलांच्या वर्गात मिरवलं. झोपाळ्यावर बस म्हटलं एका पोरीला.

बाबा म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच..." मी म्हटलं, हे वाक्य पूर्ण केलंत तर आज या घरात जेवणार नाही. त्यांनी पूर्ण केलं नाही. मी तरीही जेवले नाही.

१३ ऑगस्ट

बाबांशी बोलणं बंद. चहा टेबलावर ठेवते, जेवण झाकून ठेवते.

गिटारी मात्र झाल्या. आज वर्गात वाटल्या आणि काही सांगितलं नाही. "पहिला कॉर्ड," एवढंच म्हटलं. वाजला. सगळा वर्ग एकदम थांबला आणि एकमेकांकडे बघायला लागला, कोणीतरी आत लपून वाजवतंय की काय. मग जो गोंधळ सुरू झाला! शेजारच्या वर्गातले गणिताचे सर येऊन ओरडून गेले. मी त्यांच्यावर उलट ओरडले.

मधल्या सुट्टीत टोपीला शोधून काढलं. पायऱ्यांवर एकटी बसली होती.

"तुझं बरोबर होतं," मी म्हटलं. "तार खरंच वर होती. आणि मी सगळ्यांसमोर तुला बोलले, ते चुकलं. पुढच्या तासाला सगळ्यांसमोरच सांगेन."

तिने जरा विचार केला. "माझी पेन्सिल तुमच्याकडेच आहे, बाई. ती चांगली पेन्सिल होती."

पुढच्या तासाला येईन म्हणाली. वकिलाची मुलगी, अट घातली: नटाची खाच कशी कोरतात ते दाखवायचं.

२५ ऑगस्ट

सकाळी बाबांच्या हातून कप पडला. चहा सगळीकडे. इतक्या दिवसांचा अबोला माझ्या तोंडून असा सुटला: "नीट धरता येत नाही का?"

"नाही," ते म्हणाले.

मी फडकं घेऊन वाकले होते, तशीच थांबले. त्यांनी हात टेबलावर ठेवले. बोटांची पेरं सुजलेली, दोन बोटं तर सरळच होत नाहीत. झाकणं, किल्ली, बटणं. किती दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं हे.

"केव्हापासून?"

"दोन-तीन वर्षं झाली. आधी वाजवायचं सुटलं. मग बाकीचं."

"डॉक्टर?"

"काय सांगणार त्यांना? की मी गिटार वाजवायचो?"

मी फडकं बेसिनमध्ये फेकलं. एवढी चीड आली! मला यांच्यावर रागवायचंय. पोटभर, वर्षभर रागवायचंय, आणि हे असे मध्येच दुखरे हात पुढे करतात. माझा राग मला नीट करूही देत नाहीत. डॉक्टरांची वेळ घेतली. फोनवर त्या बिचाऱ्या कंपाउंडरवरही खेकसले.

१० सप्टेंबर

सहामाही झाली. आठच मुलं गेली, त्यातली तीन परत आली. तास राहिला, मीही राहिले.

आणि मोठ्या बाई म्हणतात कशा, "बघा, मी म्हटलं नव्हतं? गिटारी छानच निघाल्या! आठवीसाठी त्याच कंपनीच्या आणखी मागवते."

मी म्हटलं, "मागवा. पण त्या मी वर्गात घेणार नाही. दुकानात जाऊन, एकेक हातात घेऊन, दुकानदाराकडून तिथल्या तिथे नीट करून घेतलेल्याच गिटारी वर्गात येतील. नाहीतर आठवीला तुम्ही शिकवा."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "बरं," म्हणाल्या. "एवढं चिडायला काय झालं?"

घरी जेवताना हे सांगून टाकलं. बाबांना म्हणून नाही, भिंतीला सांगितल्यासारखं. बाबा म्हणाले, "दुकानात मी येऊ?"

मी म्हटलं, "कशाला?" मग मीच म्हटलं, "शनिवारी जायचंय."

१४ सप्टेंबर

गेलो. दुकानदाराने बाबांना ओळखलं, खुर्ची दिली. बाबा खुर्चीवर बसलेच नाहीत. एकेक गिटार माझ्या हातात द्यायला सांगितली, मान डोळ्यासमोर धरायला लावली आणि दुकानदाराची खरडपट्टी काढायला लागले. "ही पट्टी बघा. ही खाच आहे की चरा? लहान मुलांच्या हातात देणार तुम्ही हे? लाज नाही वाटत?"

लाज नाही वाटत! माझ्या वडिलांच्या तोंडून! मी तिथे उभी राहून नुसती धुमसत होते. भर दुकानात ओरडावंसं वाटत होतं की अहो, हा प्रश्न विचारणारे तुम्ही कोण?

"बाई, तुमचे वडील तुमच्यावर गेलेत," दुकानदार म्हणाला आणि स्वतःच हसला. आम्ही दोघंही हसलो नाही.

शेवटी एक बरी निघाली. दुकानदाराने खाचा कोरल्या, दहाच्या तारा चढवल्या, मी सुरात लावली आणि थोडं वाजवलं. साधंच, मुलांना शिकवते ते. बाबा अगदी जवळ उभे होते. माझ्या डाव्या हाताकडे बघत होते, बोटांच्या टोकांकडे, जिथे कातडीचं चामडं झालंय.

"तेव्हा," ते हळूच म्हणाले, "फार दुखायचं का गं?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी नाही, मीही स्वतःला नाही.

"हो," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. पण ते इतक्या मोठ्याने निघालं की दुकानदाराच्या हातातलं तारांचं पाकीट खाली पडलं आणि दारातून आत येणारं गिऱ्हाईक तिथेच थांबलं. बाबा जागचे हलले नाहीत. मग गार पाण्याची वाटी, 'चल, पुन्हा', सगळंच बाहेर पडलं, आणि ते मान खाली घालून, माझं बोलून होईपर्यंत, ऐकत उभे राहिले.